भत्त्यावर जगणाऱ्या बेरोजगारांना कामाला लावण्याचे कंत्राट खाजगी कंपन्यांना द्यावे का?

धागाकर्ता: अन्वयार्थ

नमस्कार. समाजकल्याणाच्या धोरणांविषयी वाचताना एका प्रश्नापाशी मी अडलो आहे आणि या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आलेल्या सदस्यांचे मत जाणून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत बेरोजगार किंवा आजारपणाचा भत्ता मिळवणाऱ्यांना काम शोधण्याच्या अटीने बांधण्याचे धोरण गेल्या तीन-चार दशकांत रुजले. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने रोख मदतीवर साधारणपणे साठ महिन्यांची मर्यादा घातली आणि मदत घेणाऱ्यांनी आठवड्याला ठरावीक तास काम किंवा कामाशी संबंधित उपक्रम करावेत, अशी सक्ती आणली. पुढे या लोकांना कामापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीच अनेक ठिकाणी सरकारी कार्यालयांकडून काढून खाजगी कंपन्यांकडे देण्यात आली. यामागचा युक्तिवाद असा दिसतो, की सरकारने निकालानुसार पैसे द्यावेत. माणूस कामाला लागला आणि टिकला तर कंपनीला मोबदला मिळेल, नाही लागला तर तोटा कंपनीचा, करदात्याचे काही जाणार नाही. हा युक्तिवाद मला सहज खोडता येत नाही. तरीही ज्या देशांनी हा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबला, तिथे योजना वारंवार बंद करून नव्या नावाने सुरू कराव्या लागल्या आहेत. चूक नेमकी कुठे होते? कंपन्यांच्या हेतूत, कंत्राटाच्या रचनेत, की मुळात हे काम कंत्राटाने करून घेण्यासारखे नाही?

कृपया राजकीय पक्षांची बाजू घेण्यापेक्षा प्रत्यक्ष कामकाजाबद्दल लिहावे.

प्रतिसाद: टिपणवही

मी उत्तर इंग्लंडमध्ये अशाच एका कंत्राटाखाली रोजगार सल्लागार म्हणून काम केले आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही. ती मुख्य कंत्राटदार नव्हती, उपकंत्राटदार होती, आणि पुढे जे लिहितो त्यात ही गोष्ट महत्त्वाची आहे.

ब्रिटनचा 'वर्क प्रोग्रॅम' जून २०११ मध्ये सुरू झाला. सरकारने १८ मुख्य कंत्राटदारांशी एकूण ४० करार केले आणि माणसाला दोन वर्षे त्यांच्या हवाली केले. त्या दोन वर्षांत त्याच्यासाठी नेमके काय करायचे, हे सरकारने जवळजवळ ठरवलेच नाही. पद्धत कंपनीची, सरकार फक्त निकाल पाहणार, अशी भूमिका होती. मोबदल्याची रक्कम माणूस कोणत्या भत्त्यावर आहे त्यावर ठरत असे. तरुण बेरोजगारासाठी ती जास्तीत जास्त सुमारे ३,८०० पौंड होती, तर दीर्घ आजारपणाच्या भत्त्यावरून आलेल्या माणसासाठी सुमारे १३,७०० पौंडांपर्यंत जात असे. सुरुवातीला नाव नोंदवल्याबद्दल थोडी रक्कम मिळे, ती दरवर्षी घटवत तिसऱ्या वर्षानंतर बंद केली गेली. खरा पैसा माणूस तीन किंवा सहा महिने कामावर टिकल्यानंतरच आणि पुढे तो टिकून राहील तसतसा हप्त्याहप्त्याने मिळायचा.

कागदावर ही रचना न्याय्य दिसते, कारण अवघड माणसासाठी जास्त पैसे ठेवलेले आहेत. प्रत्यक्ष काय होई ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्याकडे पन्नाशीतला एक गृहस्थ येत असे. उमेदीचा सगळा काळ गोदामात माल उचलण्यात गेलेला, मणक्याचा विकार, शिवाय लिहिण्यावाचण्याची अडचण. त्याला काम करायचे होते, हे मी खात्रीने सांगतो. त्याला आधी नियमित फिजिओथेरपी हवी होती, मग अक्षरओळख पक्की करणारा वर्ग आणि मग एखादा असा मालक, जो त्याला आठवड्याला थोड्याच तासांपासून सुरुवात करू देईल. या सगळ्याचा खर्च आमच्या कार्यालयाने आधी करायचा होता. तो कामाला लागून टिकला असता तर पैसे मिळाले असते, पण त्यातला वाटा वरच्या कंत्राटदाराने आधीच कापलेला असे, आणि तो टिकेल याची शक्यता इतकी कमी धरलेली होती, की आमच्या व्यवस्थापकाने तो खर्च कधीच मंजूर केला नाही. त्याच सुमारास एक पदवीधर मुलगी आली, जी आमच्या मदतीशिवायही महिन्या-दोन महिन्यांत कामाला लागली असती. तिच्या मुलाखतीचे कपडे, बसभाडे, बायोडेटा सगळे तत्परतेने झाले, कारण ती लागली की कार्यालयाला दावा करता येणार होता. त्या गृहस्थांना महिन्यातून एकदा फोन करायचा आणि संगणकावर नोंद करायची, एवढेच आमच्याकडून झाले. सोप्या उमेदवारांची साय काढून घ्यायची आणि अवघड उमेदवार नोंदीपुरते सांभाळायचे, अशी ही पद्धत असते. कोणी ती लेखी सांगत नाही, पण महिन्याचे टार्गेट समोर ठेवल्यावर प्रत्येक सल्लागार आपोआप तसाच वागू लागतो.

हा एकट्या आमच्या कार्यालयाचा अनुभव नव्हता. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१४ च्या अहवालात दाखवले, की निविदा भरताना कंत्राटदारांनी अवघड गटातील दर माणसामागे सुमारे १,३६० पौंड खर्च करू असे म्हटले होते आणि पुढे तो आकडा सुमारे ६३० पौंडांवर आला. म्हणजे वचन दिलेल्या खर्चातील निम्म्याहून अधिक रक्कम त्या लोकांपर्यंत पोहोचणारच नव्हती.

प्रतिसाद: मध्यमपदलोपी

टिपणवही यांचा अनुभव मी नाकारत नाही. मात्र चित्राची दुसरी बाजूही इथे यायला हवी, कारण सरकारी कार्यालये हे काम उत्तम करत होती आणि कंपन्यांनी येऊन ते बिघडवले, असा समज होऊ नये. मी निविदा तयार करण्याच्या कामात होतो आणि माझा अनुभव असा, की निकालानुसार मोबदल्यामुळेच किती माणसे कामाला लागली आणि किती टिकली हे पहिल्यांदा नीट मोजले जाऊ लागले. त्याआधी माणूस रांगेत उभा राहिला, सही केली, भत्ता घेऊन गेला, एवढीच नोंद अनेक ठिकाणी पुरेशी मानली जाई. सहा महिन्यांनी त्याचे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

'वर्क प्रोग्रॅम'च्या पहिल्या टप्प्याचे आकडे नेहमी पुढे केले जातात. जुलै २०१२ पर्यंतच्या पहिल्या चौदा महिन्यांत पाठवलेल्या लोकांपैकी केवळ ३.६ टक्के टिकाऊ कामाला लागले, किमान अपेक्षा ५.५ टक्क्यांची होती, आणि संसदेच्या लोकलेखा समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक टीका केली. ते खरेच आहे. पण ज्या २०१४ च्या अहवालाचा वर उल्लेख झाला, त्याच अहवालात असेही म्हटले आहे, की खडतर सुरुवातीनंतर या योजनेची एकूण कामगिरी आधीच्या योजनांच्या बरोबरीला आली. आणि सरकारची स्वतःची चूकही त्यात नोंदवली आहे. करारातील कामगिरी मोजण्याचे सूत्रच इतके सदोष होते, की कमकुवत कंत्राटदारांनाही बक्षिसाची रक्कम देणे सरकारला भाग पडणार होते. २०१४-१५ साठी हा अंदाज ३.१ कोटी पौंडांचा होता आणि सूत्र बरोबर असते तर तो सुमारे ६० लाख पौंड असता. हे सूत्र सरकारने लिहिले होते. ज्या खात्याला कंत्राट नीट लिहिता येत नाही, त्याच खात्याने सेवा स्वतः चालवली तर ती चांगली चालेल, असे मानण्यास माझ्या मते आधार नाही.

प्रतिसाद: उत्तरायण

शेवटच्या वाक्याला आधार आहे का, हे तपासण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे एकाच प्रकारची माणसे चिठ्ठ्या टाकून दोन्हीकडे वाटायची आणि निकाल पाहायचा. फ्रान्समध्ये २००७ मध्ये हे खरोखर केले गेले आणि या चर्चेत तो प्रयोग फार कमी वेळा येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दीर्घकाळ बेरोजगार राहण्याचा धोका असलेल्या लोकांपैकी काहींना सरकारी रोजगार सेवेच्या सघन मार्गदर्शनात टाकले, काहींना खाजगी संस्थांच्या सघन मार्गदर्शनात आणि उरलेल्यांना नेहमीच्या सेवेत ठेवले. कोण कुठे जाणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. प्रयोगात दोन लाखांहून अधिक लोक होते, त्यामुळे निकाल योगायोगाचा म्हणता येत नाही. बेहागेल, क्रेपों आणि गुरगाँ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. दोन्ही प्रकारच्या सघन मार्गदर्शनाचा फायदा झाला, मात्र सरकारी सेवेचा परिणाम खाजगी संस्थांच्या जवळपास दुप्पट निघाला. खाजगी संस्थांना मोबदल्याचा एक भाग नाव नोंदवतानाच मिळत होता आणि उरलेला काम मिळाल्यावर व टिकल्यावर. नोंदणी भरपूर करायची आणि जे सहज लागतील त्यांच्या बळावर उरलेला मोबदला मिळवायचा, याकडे या रचनेत संस्थांचा कल राहतो, असा त्या अभ्यासाचा रोख आहे. जर्मनीतही अवघड उमेदवारांवर छोट्या प्रमाणावर असाच प्रयोग झाला, त्यातही सरकारी कर्मचाऱ्यांनी दिलेल्या सेवेखालील लोकांचे बेरोजगारीचे दिवस अधिक घटले. पण त्या घटीचा मोठा भाग लोक कामाला लागल्याने नव्हे, तर ते नोकरीच्या बाजारातूनच बाहेर पडल्याने झाला होता, त्यामुळे जर्मन निकाल मी सावधपणे वापरेन.

मध्यमपदलोपी यांच्या मोजमापाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. मोजमाप हवेच. पण त्यासाठी सेवा विकावी लागत नाही. फ्रान्सच्या प्रयोगात सरकारी सेवेचेही मोजमाप झाले आणि ती त्यात उतरली.

प्रतिसाद: दूरदेशी

ऑस्ट्रेलियाचा अनुभव इथे यायलाच हवा, कारण हे धोरण त्या देशाइतके पूर्णत्वाला कोणीच नेले नाही. १९४६ पासून चालत आलेली सरकारी रोजगार सेवा त्यांनी १९९८ मध्ये मोडीत काढली आणि 'जॉब नेटवर्क' नावाने तीनशेहून अधिक कंपन्या, धर्मादाय संस्था व इतर पुरवठादारांकडे काम सोपवले. स्थानिक संस्थांना आपापल्या भागातील माणसे ठाऊक असतात, त्या सरकारी साच्यापेक्षा लवचिकपणे काम करतील, ही मूळ आशा होती आणि ती भाबडी नव्हती.

ती का फसली, हे मार्क कन्सिडाइन, जेनी लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून कळते. त्यांनी प्रत्यक्ष खिडकीवर काम करणाऱ्या सल्लागारांची अनेक वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पाहणी केली. काळ जाईल तसतसे सल्लागारांचे काम अधिकाधिक ठरावीक साच्याचे होत गेले. संगणकाने विचारलेले प्रश्न, ठरलेली उत्तरे, ठरलेली कार्यशाळा. नफा हवा असलेल्या संस्थेने प्रयोग करायला हवेत असे आपल्याला वाटते, पण प्रयोग फसला तर पुढचे कंत्राट जाते. म्हणून सगळ्यांनी एकमेकांची सर्वांत सुरक्षित आणि स्वस्त पद्धत उचलली. 'जॉबअॅक्टिव्ह' या पुढच्या योजनेत एका सल्लागाराकडे सरासरी १४८ माणसे होती, असे २०१८ च्या सरकारी तज्ज्ञ समितीने नोंदवले. इतक्या माणसांमधून एखाद्याचा चेहराही लक्षात राहणे कठीण, मग त्याच्या गरजेनुसार मार्ग आखणे दूरच राहिले.

त्याच वर्षी तिथे दोषांक देण्याची पद्धत आली. भेट चुकली, अर्जांची संख्या भरली नाही, की भत्ता रोखला जातो आणि दोषांक वाढतात. म्हणजे ज्या संस्थेला माणूस कामाला लागल्यावर पैसे मिळतात, तीच संस्था त्याचा भत्ता थांबण्याची प्रक्रिया सुरू करते. मला या संपूर्ण व्यवस्थेत हीच गोष्ट सर्वांत घातक वाटते. मदत मागायला आलेला माणूस आपली खरी अडचण सांगत नाही, कारण ती उद्या त्याच्याविरुद्ध नोंदली जाईल अशी भीती त्याला असते. व्यसन, घरातील मारहाण, मानसिक आजार या गोष्टी लपून राहतात, आणि त्या लपल्या की कोणतेही मार्गदर्शन वाया जाते.

२०२३ मध्ये ज्युलियन हिल यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने या साऱ्याचा आढावा घेतला आणि संपूर्ण खाजगीकरणाचा प्रयोग अपयशी ठरला आहे, असा निष्कर्ष काढून सरकारी सेवेचा मजबूत गाभा पुन्हा उभारावा अशी शिफारस केली.

धागाकर्ता: अन्वयार्थ

सर्वांचे आभार. फ्रान्सच्या प्रयोगाबद्दल मला काहीच माहिती नव्हती. 'करदात्याचे काही जाणार नाही' हे माझे गृहीतक आता टिकत नाही, कारण ज्याच्यावर खर्च करायचा तो खर्च न करताही कंपनीला सोप्या उमेदवारांच्या जोरावर तग धरता येतो, असे वरील प्रतिसादांतून दिसते.

दोन गोष्टी अधिक विचारतो. भत्ता टिकवण्याची अट म्हणून लोकांना बिनपगारी सक्तीचे काम करायला लावले जाई, त्याचे कायद्याच्या दृष्टीने काय झाले? आणि ब्रिटनमध्ये भत्ता कापण्याचा निर्णय कंपनी घेत असे की सरकार?

प्रतिसाद: टिपणवही

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. निर्णय सरकारी अधिकारी घेत असे. आम्ही फक्त शंका नोंदवायची. पण माणूस भेटीला आला नाही, की शंका नोंदवणे आमच्यावर बंधनकारक होते, तिथे स्वतःची विवेकबुद्धी वापरण्यास फारच थोडी जागा होती. एकदा निवारागृहात राहणारी एक बाई भेटीला आली नाही. तिला पाठवलेले पत्र जुन्या पत्त्यावर गेले होते, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळले होते. मी टिपणात तसे लिहिले, तरीही नोंद पुढे गेली आणि निर्णय होईपर्यंत ती आपल्यावर काय आरोप आहे हे शोधत कार्यालयांमध्ये फिरत राहिली. ऑक्टोबर २०१२ च्या नियमांनंतर सर्वांत गंभीर प्रकारात भत्ता तीन वर्षांपर्यंत बंद होऊ शकत असे. ती तीन वर्षांची तरतूद २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली.

दूरदेशी यांनी मांडलेल्या भीतीचा मुद्दा अगदी खरा आहे. माझ्यासमोर बसलेल्या माणसाची नजर माझ्या चेहऱ्याकडे कमी आणि कीबोर्डकडे जास्त असे.

प्रतिसाद: न्यायपंक्ती

कायद्याच्या बाजूबद्दल लिहितो. सर्वाधिक गाजलेला खटला ब्रिटनमधील एका पदवीधर तरुणीचा होता. ती स्वेच्छेने एका संग्रहालयात काम करत होती. ते सोडून तिला पाउंडलँड या दुकान साखळीत बिनपगारी काम करण्यास भाग पाडण्यात आले आणि नकार दिल्यास भत्ता जाईल असे सांगण्यात आले. फेब्रुवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ज्या नियमांखाली हे केले गेले ते नियमच बेकायदा ठरवले, कारण योजनांचे वर्णन त्यात पुरेसे नव्हते आणि लोकांना नीट माहिती दिली जात नव्हती. सरकारने पुढच्याच महिन्यात पूर्वलक्षी प्रभावाचा कायदा करून आधी कापलेल्या भत्त्यांना संरक्षण दिले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये नियम अवैध असल्याचे कायम ठेवले. मात्र ही सक्तीची मजुरी ठरते, हा दावा मान्य केला नाही. न्यायालयाने चूक ठरवलेली गोष्ट मागील तारखेपासून योग्य ठरवायची, आणि तीही समाजातील सर्वांत दुर्बल लोकांच्या पैशांबाबत, हे मला आजही अस्वस्थ करते.

अशा कामाचा उपयोग किती, याचेही उत्तर आहे. ब्रिटनमध्ये मे २०११ पासून चार आठवडे, दर आठवड्याला तीस तासांपर्यंत सक्तीचे काम करायला लावणारी एक योजना होती. सरकारनेच करवून घेतलेल्या २०१२ च्या अभ्यासात त्या योजनेमुळे लोकांना नोकरी मिळण्याच्या शक्यतेत काहीही वाढ झाल्याचे आढळले नाही. सुरक्षिततेचा प्रश्न वेगळाच. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील तूवूम्बा येथे भत्त्याच्या अटीपोटी काम करणाऱ्या एका १८ वर्षांच्या मुलाचा कामाच्या जागी अपघातात मृत्यू झाला. पगारी कामगाराच्या जिवाची जबाबदारी मालकावर असते हे सर्वांना ठाऊक असते. इथे सरकार, पुरवठादार संस्था आणि जागा देणारा यजमान अशा तिघांत ती विभागली जाते.

खोट्या दाव्यांचाही धोका आहे, त्याचा उल्लेख अजून आला नाही. ए फोर ई या कंपनीच्या इंग्लंडमधील स्लाऊ या गावातील कार्यालयाच्या सहा जणांना २०१५ मध्ये तुरुंगवास झाला. एकल पालकांना कामाला लावण्याच्या एका कंत्राटात त्यांनी न झालेल्या नोकऱ्यांचे कागद रंगवून पैसे उचलले होते. ते कंत्राट 'वर्क प्रोग्रॅम'चे नव्हते, पण मोबदला निकालावर आणि निकालाचा पुरावा कंपनीच्याच हाती, ही परिस्थिती तीच होती.

प्रतिसाद: मध्यमपदलोपी

उत्तरायण यांनी दिलेला फ्रान्सचा निकाल वजनदार आहे, हे मान्य करतो. तरी एक प्रश्न उरतो. मोबदला कशासाठी दिला जातो, यावरच सर्व अवलंबून असेल, तर चांगले कंत्राट लिहिता येईलच ना? ऑस्ट्रेलियात २०२२ पासून ज्यांना स्वतःहून काम शोधता येते त्यांना ऑनलाइन सेवेकडे वळवून पुरवठादारांकडे फक्त अवघड उमेदवार ठेवण्याची पद्धत आली. साय काढण्याचा मोह त्यामुळे निदान कमी व्हायला हवा.

प्रतिसाद: उत्तरायण

कमी होतो, संपत नाही. अवघड उमेदवारांमध्येही कमी अवघड कोण, हे सल्लागाराला पहिल्या भेटीतच कळते.

मोबदला कशासाठी, याचे सर्वांत बोलके उदाहरण इस्रायलचे आहे. तिथे २००५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या योजनेच्या धर्तीवर एक योजना चार भागांत सुरू झाली आणि ती परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतील खाजगी संस्थांकडे होती. सुरुवातीच्या रचनेत कंपनीची कमाई भत्त्यावरील खर्च किती घटला याच्याशी जोडलेली होती. माणूस कामाला लागून यादीतून गेला काय किंवा अटी झेपेनात म्हणून भत्ता सोडून गेला काय, कंपनीच्या हिशेबात दोन्ही सारखेच धरले जात. आक्षेप इतके वाढले, की २००७ मध्ये रचना बदलून कामावर टिकण्याला महत्त्व द्यावे लागले, आणि २०१० मध्ये संसदेने मुदत न वाढवल्याने योजना बंद पडली.

त्याउलट स्कॉटलंडने अधिकार हाती आल्यावर एप्रिल २०१८ पासून आपली योजना पूर्णपणे ऐच्छिक केली. कंत्राटदार तिथेही होते आणि त्यांत खाजगी कंपन्याही होत्या. पण योजनेत न आल्याबद्दल किंवा ती मध्येच सोडल्याबद्दल कोणाचा भत्ता कापला जात नव्हता. त्यामुळे मध्यमपदलोपी, चांगले कंत्राट लिहायचेच असेल, तर माझ्या मते त्यात दोन कलमे आधी हवीत: अवघड उमेदवारावरचा किमान खर्च निकालाची वाट न पाहता सरकारने थेट भरावा आणि त्याचा हिशेब स्वतंत्रपणे तपासावा, आणि उमेदवाराच्या भत्त्याला हात लागेल अशी कोणतीही नोंद करण्याचा अधिकार किंवा बंधन त्या कंपनीवर नसावे. या दोन अटींवर किती कंपन्या निविदा भरतील, हे आपण त्या क्षेत्रात काम केलेले असल्याने माझ्यापेक्षा अधिक नेमके सांगू शकाल.

प्रतिसाद: मध्यमपदलोपी

दुसऱ्या अटीला बहुतेक कंपन्या आनंदाने तयार होतील, कारण भत्त्याच्या नोंदी ठेवण्यात सल्लागारांचा पुष्कळ वेळ जातो आणि त्यातून कंपनीला काही मिळत नाही. पहिल्या अटीला धर्मादाय संस्था आणि लहान उपकंत्राटदार तयार होतील. मोठ्या कंपन्या किमान खर्चाची रक्कम आणि तपासणीचा तपशील पाहूनच ठरवतील, आणि सरकारचे अर्थखाते बहुधा सर्वांत आधी विरोध करेल, कारण निकालाआधी एक पैसाही द्यावा लागणार नाही, याच आश्वासनावर या योजना मंजूर करून घेतलेल्या असतात.